वळसंगच्या विहिरीतून मिरामारच्या समुद्रात

सोलापुराहून अक्कलकोटच्या रस्त्याने निघाले म्हणजे वीस-पंचवीस किलोमीटरांवर वळसंग लागते. जमीन काळी, पीक ज्वारी-तुरीचे, आणि भाषा दोन. एकाच ओट्यावर बसलेली माणसे अर्धे वाक्य मराठीत व अर्धे कानडीत बोलतात व कोणास त्याचे नवल वाटत नाही. पाऊस वर्षाकाठी सहाशे मिलिमीटरांच्या आतच. अशा गावाचा समुद्राशी संबंध तो काय असावयाचा? मिठापुरताच! तरीही १३ नोव्हेंबर २०२२ रोजी आमच्या घरची तीन माणसे गोव्याच्या किनाऱ्यावर एका शर्यतीत उतरली. तिची हकिकत सांगण्याचे योजिले आहे.

आरंभ विहिरीपासूनच केला पाहिजे. आमच्या मळ्यातील विहीर दगडी बांधणीची, गोल, पावसाळ्यानंतर पुरुषभर पाणी सहज राहील अशी. घरातील प्रत्येक मूल तेथेच पोहण्यास शिकले. पाठीस पत्र्याचा रिकामा डबा बांधावयाचा, कमरेचा दोर वडिलधाऱ्याने काठावरून धरावयाचा, आणि मग ‘आई गं’ म्हणावयास अवसर न देता ढकलून द्यावयाचे, हीच आमची शिक्षणपद्धती! विहिरींची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर वळसंगास आले होते. ज्या समाजास सवर्णांच्या विहिरींवर पाणी भरू दिले जात नव्हते, त्याने स्वतःसाठी खणलेल्या विहिरीचे उद्घाटन त्यांच्या हस्ते झाले. ती विहीर आजही गावाचे भूषण मानली जाते. आमच्या विहिरीत त्या काळी कोणाची मुले डुंबत होती व कोणाची नव्हती हे आम्हांस ठाऊक आहे, आणि ते आठवले की बालपणीच्या त्या डुंबण्यातील थोडी गोडी कमी होते. असो.

आता शर्यतीविषयी. १९७८ च्या फेब्रुवारीत हवाई बेटांतील ओआहू येथे जॉन कॉलिन्स नावाच्या आरमारी अधिकाऱ्याने एक वाद मिटविण्यासाठी ही कल्पना काढली. पोहणारा, सायकलपटू आणि धावणारा, यांत खरा काटक कोण? त्या बेटावरील पोहण्याची, सायकलींची व मॅरेथॉनची अशा तीन निरनिराळ्या शर्यती त्याने एका दिवसात गोवल्या. पंधरा जण निघाले, बारा जण पोहोचले. त्या शर्यतीचे निम्म्या लांबीचे रूप आता जगभर होते. १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे. मिळून ११३ किलोमीटर, म्हणजेच ७०.३ मैल, म्हणून तिचे नावही तेच. गोव्यात ती ‘आयर्नमन ७०.३ गोवा’ या नावाने प्रथम २० ऑक्टोबर २०१९ रोजी पणजीजवळ मिरामारच्या किनाऱ्यावर झाली. एकट्याने सारे करण्याची छाती नसेल त्यांच्यासाठी तिघांच्या संघाची सोय आहे. एकाने पोहावे, दुसऱ्याने सायकल हाणावी, तिसऱ्याने धावावे. घोट्यास बांधलेली वेळ मोजण्याची पट्टी एकाने सोडून दुसऱ्याच्या घोट्यास बांधली की पुढचा निघाला.

ही बातमी घरात आणली ती दादाने, माझ्या थोरल्या बंधूने. त्याला सायकलीचे वेड होते. पहाटे अक्कलकोटास जाऊन स्वामींचे दर्शन घेऊन नऊच्या आत कचेरीस हजर, असा त्याचा रविवारखेरीजही क्रम असे. संघ त्यानेच जुळविला. पोहण्यास त्याची कन्या, सायकलीस तो स्वतः, धावण्यास मी. २०२० ची शर्यत महामारीमुळे झाली नाही. २०२१ चीही झाली नाही. आणि २०२१ च्या एप्रिलात त्याच महामारीने दादा गेला.

त्याची सायकल पडवीत भिंतीस टेकून राहिली. तिच्यावरील धूळ पुसण्यासही कोणी धजेना. चार-पाच महिन्यांनी एके दिवशी पहाटे पडवीतून साखळीचा आवाज आला. बाहेर येऊन पाहतो तो वहिनी! बैठक दोन बोटे खाली करून घेऊन त्या अंगणात फेऱ्या मारीत होत्या. मला पाहून म्हणाल्या, “भावजी, यांच्या जागी कोणी शोधला नसेल तर शोधू नका.”

एकत्र कुटुंबात अशी गोष्ट एका माणसाची राहत नाही हे वाचकांस सांगावयास नको. आत्याबाईंनी सोलापुराहून दूरध्वनीवर हळहळ कळविली, एका चुलत सासऱ्यांनी ‘लोक काय म्हणतील’ हा आपला ठेवणीतला प्रश्न काढला. मीसुद्धा मनातून कचरलो होतो, हे लपविण्यात अर्थ नाही. छेचाळिसाव्या वर्षी नव्याने आरंभ करून ९० किलोमीटर चढ-उताराच्या रस्त्यावर त्यांचे कसे व्हावे, हे माझे निमित्त होते, कारण निराळे होते. दोन दिवस आई काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ताक करता करता म्हणाली, “तो जाणार होता ना? मग त्याची सायकल तरी जाऊ दे.” त्यानंतर या विषयावर घरात कोणी तोंड उघडले नाही.

वर्षभर वहिनी उजाडण्यापूर्वी निघत. पुतणी सोलापुरातील तलावात आठवड्यातून चार दिवस पोहे आणि सुटीत आमच्या विहिरीत. मी ज्वारीच्या शेतांमधल्या गाडीवाटेने धावे व गावातील कुत्र्यांच्या चांगल्या परिचयाचा झालो.

विजापूरच्या वाटेने भीमा ओलांडून, बेळगावावरून चोर्ला घाट उतरून आम्ही गोव्यात शिरलो. घाटात हिरवळ इतकी दाट की आमच्या डोळ्यांस ती जड वाटली. आईने बरोबर दशम्या, शेंगाचटणी आणि कडक भाकरी दिली होती. गोव्यातील उपाहारगृहात आहाराविषयी शास्त्रोक्त चर्चा करणारे स्पर्धक पाहून मी चटणीचा डबा क्षणभर झाकला, पण पुतणीने तो उघडून शेजारच्या टेबलावरही फिरविला.

मिरामार म्हणजे मांडवी नदी समुद्रास मिळते ते ठिकाण. पलीकडे आग्वादचा किल्ला, अलीकडे गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांची समाधी. शर्यतीच्या दिवशी उजाडताच शेकडो माणसे रंगीत टोप्या घालून वाळूवर उभी राहिली आणि थोड्या थोड्या जणांनी पाण्यात शिरू लागली. पोहण्यास ७० मिनिटांची मर्यादा. त्यापुढे गेल्यास संघ बाद. पुतणी वाकून मला व वहिनींना नमस्कार करून गेली, आणि दहा-बारा पावलांतच त्या टोप्यांमध्ये आमची टोपी कोणती हे ओळखू येईनासे झाले.

वहिनी सायकलीपाशी उभ्या होत्या. चाळीस मिनिटे झाली. इतर संघांचे पोहणारे धावत येऊ लागले. पन्नास झाली. साठ झाली. आमच्या आसपासच्या सायकली एकेक करून निघून गेल्या. वहिनी घड्याळाकडे पाहत नव्हत्या. त्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या, आणि मला तोंड कोठे लपवावे हे कळेना. ज्या घरातून एक माणूस गेले त्याच घरचे दुसरे मी समुद्रात धाडले, एवढा एकच विचार डोक्यात होता. पदक, संघ, सारे त्या घटकेस हास्यास्पद वाटले. बासष्टाव्या मिनिटास मी आयोजकांच्या माणसाकडे चौकशीस निघालो.

एवढ्यात ती आली. केस गळ्याशी चिकटलेले, श्वास फुललेला, आणि चेहऱ्यावर मात्र रागच राग! एक तास सहा मिनिटे. पट्टी सोडतानाच म्हणाली, “आई, मी वाट चुकले. जा, जा!”

वाट चुकली ती कशी, हे पुढे तिनेच सांगितले. तलावात तळाशी रेघ असते, तिच्यावरून पोहावयाचे. पावसाळ्यानंतरच्या गढूळ समुद्रात स्वतःचा हातही दिसत नाही. मान उचलून दूरचे तरंगते खांब पाहत दिशा धरावी लागते. लाटांत मान उचलणे तिला जमेना, आणि दिसेनासे झाले की अंग आपल्या सवयीने वळे. आमच्या विहिरीत लहानपणापासून ती भिंत उजव्या हातास ठेवून गोल गोल पोहत आली. भर समुद्रात, जेथे भिंत नाही तेथेही, शरीर डावीकडे वळतच राहिले. दोनदा होडीतील रक्षकाने शिट्टी वाजवून तिला माघारी फिरविले. तिच्या हिशेबाने ती निदान तीनशे मीटर अधिक पोहली असावी.

वहिनींनी सायकल ३ तास ५८ मिनिटांत पुरी केली. एका चढावर साखळी निसटली. ती त्यांनी स्वतःच्या हाताने बसविली, त्यामुळे पट्टी बांधताना माझ्या पायावर काळी बोटे उमटली. भर दुपारच्या उन्हातील माझ्या धावण्याचे वर्णन करण्यासारखे काही नाही. शेवटचे सहा किलोमीटर मी अर्धे चाललो. एकंदर ७ तास ३८ मिनिटे लागली. साडेआठ तासांच्या मर्यादेत बसलो. पुढे आमच्यापेक्षा वेगवान संघ पुष्कळ होते, आणि आमच्या मागे नव्हते असेही नाही.

घरी पोहोचावयास दुसऱ्या दिवशी रात्र झाली. आई जागी होती. तिने पदके हातात घेऊन वजन पाहिले, वहिनींच्या नखांतील काळे वंगण पाहिले आणि गरम पाणी काढावयास सांगितले. सायकल पुन्हा पडवीत गेली, पण भिंतीस टेकून नव्हे, तर हाताशी, दाराजवळ.

पुतणी दुसऱ्या दिवशी सकाळीच मळ्यात गेली. हल्ली ती विहिरीत भिंत डाव्या हातास ठेवून पोहते. सुरुवातीस फार जड जाते म्हणाली.