जमेल त्यांनी यावं

जुलैत जन्मलेल्या मुलाचा वाढदिवस कोकणात पावसाला विचारूनच करावा लागतो. डिसेंबरातल्या मुलाला अंगण मिळतं, मांडव मिळतो, मुंबईचे पाहुणे मिळतात. जुलैतल्या मुलाच्या वाट्याला ओल्या छत्र्यांची रांग आणि 'लाईट कधी येणार?' हा प्रश्न येतो. मागच्या पिढ्यांनी हा पेच फार सोप्या रीतीनं सोडवला होता. शाळेत नाव घालताना गुरुजी विचारायचे, जन्मतारीख काय? बाप सांगायचा, त्या साली मोठा पाऊस झाला होता. गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. शाळेचं जुनं जनरल रजिस्टर उघडलं की १ जूनची रांग लागते. तारीखच खरी नाही, तिथं वाढदिवस कुठला?

आता मूल जन्माचा दाखला घेऊनच शाळेत येतं. तारीख खरी असते आणि मुलांना ती पाढ्यासारखी पाठ असते. आम्ही दोघं नवरा-बायको उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, त्यामुळे हे रोज पाहतो. वाढदिवस करावा की करू नये याबद्दल आपल्या समाजात दोन मतं आहेत आणि ती दोन्ही आमच्या घरातही आहेत. तो वाद इथं नको. ज्या घरानं मुलाला 'करू' असा शब्द दिला आहे, त्या घरापुढे ऐन वेळी पाऊस उभा राहिला तर काय करावं, एवढंच आम्हाला लिहायचं आहे.

आमची मुलगी जुलैच्या पहिल्या आठवड्यातली. २०२० साली ती सहा वर्षांची झाली तेव्हा टाळेबंदी होती. २०२१ साली सातवा वाढदिवस निर्बंधांत गेला आणि त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत चिपळूण बुडालं. २१ जुलैला बकरी ईद होती. त्या रात्री वाशिष्ठीचं पाणी चढत गेलं आणि २२ तारखेला बाजारपेठेत माणसं पहिल्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर, तिथून गच्चीवर जात होती. कुर्बानीचं गोश्त वाटायचं राहिलं ते फ्रीजसकट पाण्यात गेलं. आमचं घर जरा उंचावर, दुसऱ्या मजल्यावर आहे, म्हणून आम्ही वाचलो. पण मुलीच्या वर्गातल्या कितीतरी मुलांची वह्या-पुस्तकं, गणवेश, गाद्या सगळं चिखल झालं. त्यानंतर वर्षभर जोराचा पाऊस आला की वर्गातली मुलं फळ्याकडे पाहायची सोडून खिडकीकडे पाहायची.

म्हणून २०२२ चा आठवा वाढदिवस म्हणजे तिच्या आठवणीतला पहिलाच. तिनं महिनाभर आधी यादी केली. उजवीकडून डावीकडे, सुबक नस्तालीकमध्ये बावीस नावं. एक नाव खोडून पुन्हा लिहिलं होतं, म्हणजे मधे भांडण होऊन मिटलंही होतं. खेडहून नाना-नानी येणार, शेजारची बिऱ्हाडं येणार, मिळून चाळीसएक माणसं. चार किलो तांदळाची बिर्याणी, शीरखुर्मा, बेकरीत सांगितलेला केक.

आणि त्याच आठवड्यात पावसानं जोर धरला. परशुराम घाटात दरड आली, महामार्ग बंद झाला. फोनवर हवामानखात्याचा रंगीत नकाशा फिरू लागला.

या रंगांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण बहुतेक घरांत निर्णय त्यांच्यावरूनच होतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला की खात्याच्या भाषेत तो जोरदार पाऊस, ११५.६ च्या वर अति जोरदार आणि २०४.४ च्या वर गेला की अतिवृष्टीचाही कळस. पण इशारा असतो जिल्ह्याचा. रत्नागिरी जिल्हा मंडणगडपासून राजापूरपर्यंत नऊ तालुक्यांचा. तो रंग पाहून आपल्या गल्लीत पाणी येईल की नाही हे कळत नाही.

ते कळण्यासाठी चिपळूणकराला आणखी तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, पाऊस कुठं पडतोय. गावात उघडीप असली तरी वर सह्याद्रीच्या अंगाला कोसळत असेल तर पाणी काही तासांनी खाली येतंच. दुसरी, भरती कधी आहे. वाशिष्ठी पुढे दाभोळच्या खाडीला मिळते, भरतीच्या वेळी खाडी नदीचं पाणी पोटात घ्यायला तयार नसते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर मुळीच नाही. तिसरी, कोयनेच्या वीजघरांतून बाहेर पडणारं पाणी. तेही कोळकेवाडीमार्गे याच नदीत येतं. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळल्या की काय होतं ते गावानं २००५ च्या जुलैत पाहिलं आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा पाहिलं.

आम्ही कागद घेऊन बसलो. घर सुरक्षित होतं, त्याबद्दल शंका नव्हती. प्रश्न घराचा नव्हताच, वाटेचा होता. बावीस मुलांपैकी सात-आठ मुलं नदीकाठच्या सखल मोहल्ल्यांतली. संध्याकाळी पाचला यायचं, आठला परत जायचं, आणि भरतीची वेळ नेमकी त्याच दरम्यान. मुलं येतील ती कोरड्या रस्त्यानं, पण जातील कशी? शिवाय कोंबडीवाल्याला आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत सांगावं लागतं. म्हणजे निर्णयालाही मुदत होती. आम्ही ती आदल्या दिवशीच्या असरच्या अजानपर्यंत धरली.

घरातल्यांचं म्हणणं वेगळं पडलं. दादी म्हणाल्या, "अल्लाह मालिक आहे. पाऊस काय आज नवा पडतोय? पोरीचं मन मोडू नका." खेडहून फोन आला, "घाट बंद आहे तर आमचं राहू द्या, पण तुम्ही करा." आणि मग प्रत्येकाच्या तोंडून तेच एक वाक्य येऊ लागलं: "असं करा, सगळ्यांना कळवा, ज्यांना जमेल त्यांनी यावं."

ऐकायला हे वाक्य किती समजूतदार वाटतं! कुणावर जबरदस्ती नाही, मुलीचा हिरमोड नाही, बिर्याणीही वाया जात नाही. पण आम्ही जितका विचार केला तितकं ते आम्हाला खटकू लागलं.

आपल्याकडे मुरव्वत म्हणून एक गोष्ट आहे. ज्यानं बोलावलं त्याला नाही म्हणायचं नाही. दावत नाकारणं म्हणजे माणसाला नाकारणं, हे आपल्या हाडीमाशी इतकं भिनलंय की 'जमेल त्यांनी यावं' असं कळवलं की गरीब माणूस त्याचा अर्थ 'न आलात तर लक्षात राहील' असा घेतो. तिच्या यादीतल्या एका मुलीचे वडील रिक्षा चालवतात. २०२१ ला त्यांची रिक्षा पाण्याखाली गेली होती, कर्ज काढून दुरुस्त केलेली. आम्ही त्यांच्या मुलीचे उस्ताद. उस्तादांच्या घरचं बोलावणं आहे आणि आपली मुलगी गेली नाही, हे त्यांना कधीच पटलं नसतं. ते गुडघाभर पाण्यातून रिक्षा घालून आले असते, पाकिटात पन्नास रुपये घालून आले असते, आणि वर म्हणाले असते, "काही त्रास नाही, सर."

ज्याची गाडी उंच, ज्याचं घर वरच्या आळीत, त्याला 'न जमणं' परवडतं. ज्याला यायला सर्वांत जास्त धोका, त्यालाच नाही म्हणणं सर्वांत जड. म्हणजे 'जमेल त्यांनी यावं' म्हणून आम्ही निर्णय सगळ्यांच्या हाती दिला असं वाटलं असतं, पण खरं तर आमच्या डोक्यावरचं ओझं उचलून त्या रिक्षावाल्या बापाच्या डोक्यावर ठेवलं असतं. बोलावणारा मोकळा, येणारा अडकलेला.

इथं आम्हाला एक जुनी गोष्ट आठवली. बुखारी शरीफमध्ये हजरत अब्दुल्लाह इब्ने अब्बास (रजि.) यांचा प्रसंग आहे. पावसापाण्याचा जुम्मा होता. त्यांनी मुअज्जिनला सांगितलं की नमाजकडे या असं पुकारण्याऐवजी, आपापल्या घरीच नमाज पढा असं पुकार. लोकांना हे चमत्कारिक वाटलं. तेव्हा त्यांनी सांगितलं की माझ्याहून श्रेष्ठ अशा हस्तीनं असंच केलं आहे, आणि तुम्ही चिखलातून घसरत यावं हे मला नको होतं.

या प्रसंगाकडे आम्ही दोन शिक्षकांच्या नजरेनं पाहतो. इब्ने अब्बासांना गप्प बसता आलं असतं. ज्याला जमेल तो येईल, न जमेल त्याला सवलत आहेच, असं मनात म्हणता आलं असतं. पण त्यांनी ती सवलत मिनाराच्या आवाजात जाहीर केली. कारण लोकांना सवलत माहीत असली तरी ती घ्यायला लाज वाटते. बोलावणाऱ्यानंच 'येऊ नका' म्हटलं की लाजेचं कारण उरत नाही. जुम्म्यासाठी जिथं हे केलं गेलं, तिथं केकची काय कथा?

असरच्या आधी आम्ही मुलीला जवळ बसवलं. तिला खोटं सांगायचं नाही, हे आधीच ठरलं होतं. 'केकवाल्याचं दुकान बंद आहे' असलं काही सांगितलं असतं तर ती दुसरं दुकान सुचवून मोकळी झाली असती. आम्ही तिच्याच यादीवर बोट ठेवून विचारलं, हिचं घर कुठं? हिचं? रात्री आठला ही घरी कशी जाईल? तीन-चार नावांनंतर ती गप्प झाली. मग रडली, चांगली अर्धा तास. आम्ही रडू दिलं. रडू नको म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं.

बी.एड.ला बालमानसशास्त्राच्या पेपरात आम्ही मुलांना निर्णयात सहभागी करून घेण्यावर पानंच्या पानं लिहिली होती. पण आठ वर्षांच्या मुलीला 'रद्द करू का?' असं विचारणं हा सहभाग नव्हे. ती हो म्हणाली तर दुःख तिचं, नाही म्हणाली तर धोका तिच्या नावावर. रद्द करायचं की नाही हे मोठ्यांनीच ठरवायचं. नंतर कधी करायचं, कसं करायचं, हे मात्र खुशाल तिला ठरवू द्यायचं. डोळे पुसून तिनं कॅलेंडर मागवलं आणि सहामाही परीक्षेनंतरच्या दिवाळीच्या सुट्टीतला रविवार निवडला.

मग आम्ही फोन केले. सगळ्यांना व्हॉट्सॲपवर कळवता आलं असतं, पण पावसात नेट जातं आणि रिक्षावाले वडील रात्रीच फोन पाहतात. बावीस घरांना बावीस फोन. प्रत्येकाला एकच वाक्य: "उद्याचं रद्द आहे, मुलीला घरीच ठेवा, दिवाळीच्या सुट्टीत नक्की पाठवा." त्या रिक्षावाल्या वडिलांनी फोनवर एक मोठा श्वास सोडला, तो आम्हाला इकडे ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला पाऊस थांबला. नुसता थांबला नाही, ऊन पडलं. रस्ते वाळले, मुलं क्रिकेटची बॅट घेऊन बाहेर आली. संध्याकाळपर्यंत तीन जणांनी विचारून घेतलं, "उगाच रद्द केलंत ना?" मुलीनं तोंडानं विचारलं नाही, पण खिडकीतून आमच्याकडे जे पाहिलं त्यात तोच प्रश्न होता.

आमचं उत्तर आजही तेच आहे: उगाच नाही. निर्णय घ्यायचा होता आदल्या दिवशी असरला, तेव्हा जे दिसत होतं त्यावरून. दुसऱ्या दिवशीच्या उन्हाची साक्ष त्यात चालत नाही. पूर आला असता तर लोकांनी आम्हाला शहाणे म्हटलं असतं, ऊन पडलं म्हणून भित्रे म्हटलं. पण पाणी आलं असतं काय किंवा नसतं काय, आमचा निर्णय दोन्ही वेळेला एकच होता. हे आम्ही मुलीलाही सांगितलं. तिला तेव्हा ते पटलं नाही. केक मात्र पटला. तो शेजारच्या चार मुलांबरोबर जिन्यातच कापला.

दिवाळीच्या सुट्टीतला तो रविवार कोरडा होता आणि यादीतली बावीसच्या बावीस मुलं आली. अंगणात सतरंजी टाकली होती. नाना-नानी सकाळीच पोहोचले होते.

तेव्हापासून आमच्या घरच्या जुलैच्या बोलावण्यात एक ओळ जास्त असते. तारीख आणि वेळेच्या खाली लिहिलेलं असतं: 'पावसाचा इशारा असल्यास आदल्या दिवशी असरपर्यंत आम्हीच फोन करू.' आता मोहल्ल्यातल्या आणखी दोन-तीन घरांनी ही ओळ उचलली आहे. त्यातला 'च' गाळू नका, असं आम्ही त्यांना आवर्जून सांगतो.