नेहरू प्लेसमध्ये शोध चार वर्षं टिकणाऱ्या छोट्या गेमिंग लॅपटॉपचा

दिल्ली बघायला येणारी मंडळी लाल किल्ला, कुतुबमिनार आणि लोटस टेम्पल बघतात, सरोजिनी नगरला खरेदी करतात आणि परत जातात. लोटस टेम्पलपासून जेमतेम एक-दीड किलोमीटरवर असलेलं नेहरू प्लेस मात्र कुणाच्या यादीत नसतं. पण घरात कुणी बारावी संपवून कॉलेजला निघालं असेल आणि त्याने किंवा तिने 'छोटा गेमिंग लॅपटॉप' असा हट्ट धरला असेल, तर या बाजारासाठी एक अख्खा दिवस राखून ठेवा. कारण लॅपटॉप कसा दिसतो हे कुठल्याही मॉलमध्ये कळतं, पण तो म्हातारा कसा होतो हे बघायला इथेच यावं लागतं.

खाली शोरूम, वर दवाखाना

दिल्ली विकास प्राधिकरणाने १९७० च्या दशकात हे व्यापारी केंद्र उभारलं. मधोमध मोठं मोकळं प्रांगण, चारी बाजूंना चार मजली इमारती आणि त्यांच्या मागे उंच टॉवर. मूळ कल्पना कार्यालयांची होती. हळूहळू कॉम्प्युटरवाले आले आणि आता देशातल्या सर्वात मोठ्या कॉम्प्युटर बाजारांमध्ये याचं नाव घेतलं जातं. गंमत म्हणजे याच प्रांगणात कापडाचीही मोठमोठी दुकानं आहेत. एका हातात लेहंग्याच्या कापडाची पिशवी आणि दुसऱ्या हातात कीबोर्डचा बॉक्स घेतलेल्या बायका इथे सहज दिसतात.

मेट्रोच्या व्हायोलेट लाइनवरून उतरून प्रांगणात पाऊल टाकलं की दोन्ही बाजूंनी हाका सुरू होतात. "मॅडम, लॅपटॉप? प्रिंटर? रिपेअरिंग?" जमिनीवर चादर अंथरून लॅपटॉपची कव्हरं, मोबाइलच्या काचा, चार्जर, हेडफोन विकणारे बसलेले असतात. छोले-कुलच्याचा वास येत असतो. तळमजल्यावर चकचकीत काचांची शोरूम्स आहेत. त्यांच्याच शेजारच्या अरुंद जिन्याने वर गेलं की दुरुस्तीची छोटी-छोटी दुकानं लागतात. तिथे लॅपटॉप उघडे पडलेले असतात, सूक्ष्मदर्शकाखाली मदरबोर्ड असतो आणि गरम हवेच्या गनने जुनी चिप काढणं चाललेलं असतं. खाली जन्म आणि वर दवाखाना, असा हा एकाच छताखालचा मामला आहे.

मी कालकाजीत राहते, त्यामुळे नातेवाइकांच्या लॅपटॉप खरेदीला सोबत जाणं हे माझं ठरलेलं काम झालंय. या जूनमध्ये इंदूरहून मावसभाऊ आला, सोबत काका. भावाला दिल्लीत मेकॅनिकल इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला होता. हॉस्टेल मिळालं नव्हतं, म्हणजे रोज मेट्रोने दीड तास जाणं आणि दीड तास येणं. काकांनी मेट्रोतच बजावलं, "एफडी मोडलीय. चार वर्षं दुसरा मिळायचा नाही, हे लक्षात ठेवून काय घ्यायचं ते घे."

प्रश्न एवढाच होता. हा छोटा लॅपटॉप चार वर्षं पुरेल का?

खांद्याला विचारा

आधी शोरूम. १५ इंची गेमिंग लॅपटॉप साधारण सव्वादोन ते अडीच किलोचा असतो. त्याच्या विटेएवढ्या चार्जरचं वजन वेगळं, अर्धा किलो किंवा त्याहून जास्त. १४ इंची छोटा गेमिंग लॅपटॉप दीड ते पावणेदोन किलोत बसतो. कागदावर हा फरक फार वाटत नाही. पण राजीव चौकच्या गर्दीत पाठीवर डबा, पाण्याची बाटली, वह्या आणि लॅपटॉप घेऊन उभं राहिलं की एक-एक पाव किलो जाणवतो.

छोट्या मशीनमध्ये दमदार ग्राफिक्स बसवायची लाट २०२० मध्ये असुसच्या झेफायरस जी१४ ने जोरात आणली. १४ इंची, सुमारे १.६ किलो आणि ताकद मोठ्या लॅपटॉपची. मात्र त्या पहिल्या मॉडेलमध्ये कॅमेराच नव्हता, आणि त्याच वर्षी सगळ्या जगाचे वर्ग ऑनलाइन भरले! छोट्या मशीनचा स्वभाव यातून कळतो. जागा कमी म्हणजे काहीतरी सोडावं लागतं. काय सोडलंय ते आपण आधी शोधायचं.

शोरूममधल्या मुलाने भावाला एका चमकदार स्क्रीनवर रेसिंग गेम लावून दिला. भाऊ हरखला. काका किंमत बघून गप्प झाले. मी म्हटलं, "आधी वर जाऊन येऊ."

वरच्या मजल्यावरची शिकवणी

दुसऱ्या मजल्यावरचे दुरुस्तीवाले भैया माझ्या ओळखीचे. त्यांनी ड्रॉवर ओढला, आत काढून ठेवलेले पंखे होते. त्यांच्या पात्यांवर धुळीचा नमदा जमला होता. दिल्लीची धूळ आणि ४५ अंशांचा उन्हाळा, यात बारीक लॅपटॉपची सर्वात आधी कसोटी लागते. मोठ्या मशीनमध्ये हवेला वाट असते. छोट्यात तेवढीच उष्णता अरुंद जागेतून बाहेर काढायची, म्हणून पंखे जोरात फिरतात, जास्त आवाज करतात. हवा बहुतेक वेळा तळाच्या जाळीतून आत ओढली जाते. तो पलंगावर रजईवर ठेवून वापरला की जाळी बंद आणि मशीन तापून मंद. भैया म्हणाले, "वर्षाला एकदा उघडून साफ करा, दोन-तीन वर्षांनी थर्मल पेस्ट बदला. बस."

मग त्यांनी टेबलावर दोन मदरबोर्ड शेजारी-शेजारी ठेवले. मोठ्या लॅपटॉपच्या बोर्डवर रॅमसाठी दोन खाचा होत्या. १६ जीबी पुरेनाशी झाली तर उद्या दुसरी पट्टी बसवता येते. छोट्या, नव्या मॉडेलच्या बोर्डवर खाचच नव्हती, रॅमच्या चिप थेट बोर्डला चिकटवलेल्या. झेफायरस जी१४ मध्ये २०२४ पासून हाच प्रकार आहे, आणि आता बऱ्याच बारीक लॅपटॉपमध्ये असतो. यामुळे मशीन पातळ होतं, वीज कमी लागते. पण जेवढी रॅम घेतली तेवढीच शेवटपर्यंत.

भावाने विचारलं, "मग ग्राफिक्स कार्ड तरी बदलता येतं का?"

"ते तर मोठ्यातही नाही," भैया हसले. लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड सहसा बोर्डवरच असतं. नंतर बदलता येतात त्या गोष्टी म्हणजे एसएसडी, बॅटरी, पंखे, कीबोर्ड, स्क्रीन. यातली एसएसडी बहुतेक छोट्या मशीनमध्येही बदलता येते. म्हणजे स्टोअरेज कमी घेतलं तर चालेल, रॅम कमी घेऊन चालणार नाही. शोरूममध्ये नेमकं उलटं होतं. '१ टीबी' ऐकून आपण खूश होतो आणि रॅमचा आकडा वाचतच नाही.

नाव तेच, ताकद वेगळी

आणखी एक गोष्ट जाहिरातीत ठळक नसते. आरटीएक्स ४०६० हे एकच नाव दोन लॅपटॉपवर असलं तरी त्यांची ताकद सारखी असेलच असं नाही. ही लॅपटॉप चिप ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही विजेवर चालेल अशी बसवता येते. किती वीज द्यायची हे कंपनी मशीनची उष्णता बघून ठरवते. बारीक अंगाच्या मशीनला सहसा कमी मिळते. म्हणून नुसतं नाव विचारू नका, "किती वॅटची आहे?" असंही विचारा. या एका प्रश्नाने विक्रेताही सावरून बसतो.

गेम खेळायचा तर चार्जर लावूनच. बॅटरीवर ताकद घटते आणि तास-दीड तासात चार्जिंग संपायला येतं. पण वर्गात नोट्स, पीडीएफ, ब्राउझर असा वापर असेल तर हेच मशीन ग्राफिक्स चिपला झोपवून बराच वेळ चालतं. छोट्या मशीनचा मोठा फायदा इथे आहे. पुष्कळ मॉडेल यूएसबी-सी चार्जिंग घेतात, म्हणजे जड चार्जर घरी ठेवून कॉलेजला मोबाइलसारखा छोटा चार्जर नेता येतो. त्यावर अभ्यास होतो, गेम नाही.

बॅटरी मात्र झिजणारच. लिथियम बॅटरी काहीशे चार्जिंगनंतर क्षमता गमावते, आणि उष्णता ही झीज वाढवते. घरी दिवसभर प्लग लावून वापरत असाल तर कंपनीच्या अॅपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ती पहिल्याच दिवशी चालू करा. तरीही तिसऱ्या-चौथ्या वर्षी एक बॅटरी बदलायचा खर्च बजेटमध्ये धरून ठेवा.

अभ्यासाला की खेळायला?

जिना उतरताना काकांनी मनातलं बोलून टाकलं. "अगं, नावातच गेमिंग आहे. हा अभ्यास कधी करणार?"

खूप आईवडिलांचा हाच प्रश्न असतो. सोपं उत्तर असं, की गेमला लागते तीच ग्राफिक्स चिप सॉलिडवर्क्समधलं यंत्राचं त्रिमितीय चित्र फिरवायला, ब्लेंडरमध्ये अॅनिमेशन करायला, व्हिडिओ एडिटिंगला आणि मशीन लर्निंगला लागते. मेकॅनिकल, आर्किटेक्चर, डिझाइन, अॅनिमेशन शिकणाऱ्यांना ती खरंच उपयोगी पडते. बीए, बीकॉम, कायदा किंवा स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांना नाही. त्यांना कमी पैशात हलका, शांत, जास्त वेळ चालणारा साधा लॅपटॉप मिळतो, आणि तो चार वर्षं सुखाने टिकतो. मुलगा किती खेळणार हे मशीन ठरवत नाही. ते घरात बोलूनच ठरवावं लागतं. काका आणि भावाने ते छोले-कुलचे खाता-खाता ठरवलं. सेमिस्टरच्या परीक्षेआधी महिनाभर गेम बंद.

मग काय घेतलं?

पर्याय दोन उरले. एक १५ इंची, दोन रॅमच्या खाचा असलेला, स्वस्त. दुसरा १४ इंची, महाग, रॅम चिकटवलेली. भावाला हॉस्टेल मिळालं असतं तर मी पहिलाच घ्यायला लावला असता. टेबलावरच राहणाऱ्या मशीनचं वजन कशाला बघायचं? वाचलेल्या पैशात पुढे रॅम आणि बॅटरी दोन्ही झाली असती. पण रोजचा तीन तासांचा प्रवास होता. जड लॅपटॉप महिनाभरात घरी राहू लागतो, आणि घरी राहणारा लॅपटॉप वर्गात कामाचा नाही.

म्हणून छोटाच घेतला, पण शोरूममध्ये रेसिंग गेम दाखवला तो नाही. त्याच्या १६ जीबी ऐवजी ३२ जीबी रॅमचं, मागच्या वर्षीचं मॉडेल शोधलं. नवीन मॉडेल आलं की जुन्याची किंमत उतरते आणि नेहरू प्लेसमध्ये चार दुकानं फिरलं की आणखी थोडी उतरते. वाचलेल्या रकमेतून वॉरंटी तीन वर्षांची करून घेतली. चिकटवलेल्या रॅमच्या मशीनमध्ये बोर्ड गेला की सगळंच गेलं, म्हणून छोट्या मशीनला ही वॉरंटी चैन नाही, गरज आहे. काकांनी बिलावर स्वतः सीरियल नंबर ताडून बघितला आणि बॉक्स शेवटपर्यंत भावाच्या हातात दिला नाही.

तर उत्तर असं. छोटा गेमिंग लॅपटॉप विद्यार्थ्याला चार वर्षं नक्की पुरतो, तीन अटींवर. तो रोज खांद्यावर न्यायचा असेल, अभ्यासात ग्राफिक्सचं खरं काम असेल, आणि चौथ्या वर्षी लागणारी रॅम पहिल्याच दिवशी घेतली असेल. यातली एकही अट बसत नसेल तर मोठा किंवा साधा लॅपटॉप बघा.

नेहरू प्लेसला जाताना

* रविवारी बहुतेक बाजार बंद असतो. सोमवारी लोटस टेम्पल बंद असतं. दोन्ही साधायचं तर मंगळवार ते शुक्रवार जा.

* सकाळी अकरानंतर पोहोचा. व्हायोलेट लाइनवर नेहरू प्लेस स्टेशन आहे. मॅजेंटा लाइनने येणाऱ्यांनी कालकाजी मंदिर स्टेशनवर उतरावं.

* वाटेत हाका मारणाऱ्यांच्या मागे जाऊ नका. किमान तीन दुकानांत भाव विचारा आणि जीएसटीचं पक्कं बिल घ्या.

* बॉक्स समोर उघडून घ्या. बॉक्स, बिल आणि लॅपटॉपच्या तळावरचा सीरियल नंबर एकच आहे ना, बघा. कंपनीच्या साइटवर वॉरंटी कधीपासून सुरू दिसते तेही तिथेच तपासा.

* सेकंडहँड घेत असाल तर विंडोजमधून बॅटरी रिपोर्ट काढायला सांगा. मूळ क्षमता आणि आजची क्षमता दोन्ही त्यात दिसतात. प्रोसेसर विंडोज ११ ला चालतो का हेही बघा, कारण विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे.

* आणि पैसे देण्याआधी एकदा जिना चढून वर जा. ज्या मॉडेलवर मन बसलंय त्याचं नाव दुरुस्तीवाल्याला सांगा आणि विचारा, "याचे सुटे भाग मिळतात का?"