साडेचारच बरी

क्लबातल्या मंडळींचा आज पुन्हा तोच वाद: एअरगन ४.५ मिलिमीटरची की ५.५ ची? मोठा छर्रा जड, तडाखा जबर, म्हणून नवख्याचा हात आपसूक तिकडे जातो. पण मला मारायचंय काय? कागद! त्याला तडाखा कशाला हवा?

ताकद सारखी असेल तर हलका छर्रा अधिक वेगाने सुटतो, म्हणून त्याची वाट कमी झुकते. अंतराचा अंदाज जरा हुकला तरी निभावून जातं. अर्थात हे उघड्यावर. १० मीटरच्या रेंजमध्ये अंतराचा प्रश्नच नाही.

तिथली गंमत निराळी. एअर रायफलच्या लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा, आणि छर्रा त्याच्या नऊपट रुंद. चपट्या तोंडाचा छर्रा कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतो, त्याची कड ठिपक्याला टेकली की दहा. मग जाडा छर्रा फायद्याचाच की, असा चावटपणा मनात येतो. पण नियम आडवा येतो: १० मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत ४.५ च चालते. २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राने सुवर्ण जिंकलं ते याच मापावर. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोत विश्वविजेता झाला, तोही.

शिवाय आपल्याकडे २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ पेक्षा मोठ्या बोअरच्या एअरगनला परवाना लागतो. त्यासाठी खेटे कोण घालणार? साडेचारचे छर्रेही स्वस्त, आणि सरावात ते डबेच्या डबे संपतात.

माझं ठरलं, साडेचारच.