व्हिडिओखालच्या ओळी कोणी लिहायच्या?



आमचा मालवण भागातल्या शिक्षकांचा छोटा गट परिसर अभ्यासासाठी एक मोबाईल ॲप तयार करतोय. बाकी सगळं ठरलं, अडलं ते कॅप्शनवर. व्हिडिओत जे बोललं जातं ते खाली अक्षरांत दिसतं ना, ते माणसाने लिहायचं की संगणकाकडून लिहून घ्यायचं?

संगणकाची बाजू आधी सांगते. यूट्यूबने आपोआप कॅप्शनची सोय २००९ मध्ये इंग्रजीपासून सुरू केली. सप्टेंबर २०२२ मध्ये ओपनएआयने 'व्हिस्पर' सगळ्यांसाठी मोफत खुलं केलं, आणि त्याला मराठी येतं. दहा मिनिटांचा धडा हाताने लिहायला बसलं की दीड तास कुठे गेला कळत नाही, यंत्र मात्र चहा होईपर्यंत मोकळं! शांत खोलीत, प्रमाण मराठीत बोललेला धडा ते बऱ्यापैकी लिहितं.

पण आमचा रापणीचा व्हिडिओ घ्या. रापण म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून दोन्ही टोकांनी ओढायचं भलंमोठं जाळं. मागे लाटा, वारा, दोर ओढणाऱ्यांचा ओरडा. त्यात एक आजोबा सांगतात, "आज रापणीत पेडवे गावले." यंत्राने लिहिलं, "आज रोपणीत पेढे गावले." आम्ही पोट धरून हसलो. तेवढ्यात एक बाई म्हणाल्या, "माझ्या वर्गातल्या झिलाक ह्या कसा कळतला?"

त्या मुलाला ऐकू येत नाही.

आपल्याला हसू आलं, कारण आपण आजोबांना ऐकलं होतं. ज्याच्यासाठी कॅप्शन आहे, त्याच्याकडे ताडून बघायला दुसरं काहीच नाही. तो पेढेच वाचणार, आणि पेपरात तसं लिहिलं तर आपणच त्याचे गुण कापणार. यंत्राची मोठी अडचण हीच. शब्द कळला नाही तर ते सहसा जागा रिकामी सोडत नाही, ओळखीचा शब्द बसवतं. वाक्य गुळगुळीत दिसतं, म्हणून संशयही येत नाही. व्हिस्पर ६ लाख ८० हजार तासांच्या आवाजावर शिकलंय, त्यातलं सुमारे दोन-तृतीयांश इंग्रजी. मालवणीच्या वाट्याला काय येणार, सांगा! ('वस्त्रहरण'मधल्या मालवणीवर हसणारे आपण, कॅप्शनमध्ये 'माका'चं 'मला' झालं तर गप्प का बसावं?)

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्येही इलेक्ट्रॉनिक माध्यमांना कॅप्शन असावं, यासाठी सरकारने पावलं उचलायची आहेत. पेढेवालं कॅप्शन असून नसल्यासारखंच.

शेवटी ठरलं ते असं. वर्गात प्रमाण मराठीत बोललेल्या धड्यांचा कच्चा मसुदा यंत्राचा, पण शिक्षकाने आवाज ऐकत ओळ न् ओळ तपासायची. किनाऱ्यावरचे आणि मालवणीतले व्हिडिओ मात्र माणसानेच लिहायचे. हे काम आमची एक माजी विद्यार्थिनी करते, घरी मालवणीच बोलणारी. 'लाटांचा आवाज', 'सगळे हसतात' हेही ती कंसात लिहिते. मानधनावरून गटात कुरकुर झाली. माझं म्हणणं, चित्रांना पैसे देतो तर शब्दांना का नको?

सध्या तिच्यासाठी मासळीच्या नावांची यादी करतोय. पेडवे, तारली, सुंगटं, कुर्ली. 'मोरी' यंत्रही बरोबर लिहील, पण वाचणाऱ्या मुलाला न्हाणीघरातली मोरी आठवली तर? म्हणून तिथे माशाचं चित्र जोडायचं ठरलंय.