बाई होण्याची ड्यूटी

सॅली सॉलोमन मूळची बाई नाही. ती कुठल्याशा दूरच्या ग्रहावरची लष्करी अधिकारी. हुद्दा लेफ्टनंटचा, काम सुरक्षेचं. पृथ्वीवर टेहळणीला निघालेल्या चौघांना इथे माणसांचं कुटुंब म्हणून राहायचं होतं, कुटुंबात निदान एक बाई लागते, आणि ती पाळी हिच्यावर आली. 'थर्ड रॉक फ्रॉम द सन' ही मालिका ९ जानेवारी १९९६ ला अमेरिकेत एनबीसीवर सुरू झाली. सॅलीची पहिल्याच भागातली तक्रार ही, की मीच का?

आमच्या नाशिकच्या घरी केबल आली आणि एका इंग्रजी चॅनलवर मला ही मालिका सापडली तेव्हा मी बी.कॉम.ला होते. प्रेक्षकांच्या हसण्याचा गडगडाट ऐकून आई आतून विचारायची, "कोण एवढं खिदळतंय?" मला निम्मे संवाद कळत नसत. चौघं ओहायोतल्या रदरफोर्ड नावाच्या काल्पनिक गावात पोटमाळ्यावर भाड्यानं राहतात एवढं कळायचं. तुकडीचा प्रमुख डिक फिजिक्सचा प्रोफेसर झालाय. वयानं सगळ्यात मोठा असलेल्या टॉमीच्या वाट्याला शाळकरी पोराचं शरीर आलंय. हॅरीच्या डोक्यात वरिष्ठांचे निरोप झेलणारा रिसिव्हर बसवलाय, निरोप आला की तो ताठ होतो आणि दुसऱ्याच आवाजात बोलायला लागतो. डिकच्या ऑफिसातली सहकारी मेरी ऑलब्राइट मानववंशशास्त्राची प्राध्यापक. माणसांचा अभ्यास हाच जिचा धंदा, तिला शेजारच्या टेबलावरचा परग्रहवासी वर्षानुवर्षं ओळखू येत नाही. माझ्या मते मालिकेतला सगळ्यात चांगला विनोद हाच.

पण मी बघायची ती सॅलीसाठी. सॅलीचं काम करणारी क्रिस्टन जॉन्स्टन सहा फूट उंच आहे आणि ती उंची लपवत नाही. झुळझुळीत ड्रेस घालूनही पाय फाकवून, खांदे मागे टाकून उभी राहते, गणवेशात असल्यासारखी. माझी उंची पाच फूट आठ इंच, आणि आमच्या गल्लीत तेवढीही फार होती. मावशी भेटली की आधी माझ्या पायांकडे बघायची, चप्पल सपाट आहे ना म्हणून. वधूवर सूचक मंडळाच्या फॉर्मवर बाबांनी उंचीच्या रकान्यात पाच फूट सहा इंच लिहिलं. दोन इंच त्यांनी गिळले, बाकीचं निभावून न्यायची जबाबदारी माझ्या पाठीच्या कण्यावर टाकली.

बघण्याच्या पहिल्या कार्यक्रमाआधी काकू मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. पोह्यांचा ट्रे किती उंचीवर धरायचा, पहिली बशी कुणापुढे करायची, मुलाकडे बघायचं पण बघितलं असं दिसू द्यायचं नाही, पदर घसरला तर कुठल्या हातानं सावरायचा. बोलायचं विचारलं तरच. 'स्वयंपाकाची आवड आहे' हे वाक्य मात्र न विचारताही चालतं. काकूंनी रिकाम्या ट्रेवर दोन बश्या ठेवून माझ्याकडून दारापासून ओट्यापर्यंत फेऱ्या मारून घेतल्या. मला हसू फुटलं, कारण तिकडे सॅलीचंही हेच चाललेलं असायचं: हुकूम आलाय, शिकून घ्या, संशय येता कामा नये. "अगं, हे काय शिकवावं लागतं का मुलीच्या जातीला?" असं काकू म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता शिकवतच राहिल्या. त्यांना त्यांच्या सासूबाईंनी शिकवलं होतं, हे त्यांनीच पूर्वी कधीतरी मला सांगितलं होतं.

लग्न झालं, ठाण्याला आले. सासूबाई प्रेमळ होत्या, तक्रार नाही. फक्त पहिल्या संक्रांतीला हळदीकुंकवासाठी घरात बायका जमल्या तेव्हा मला जाणवलं, की त्यातली प्रत्येक जण नव्यानं आलेल्या मला सूचना देतेय आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून दुसऱ्या कुणाकडे तरी बघून खात्री करून घेतेय: अत्तर आधी की वाण आधी? नियम पाठ असलेली एकही नव्हती. सॅलीचं वेगळेपण एवढंच, की आपण शिकतोय हे ती मोठ्यानं सांगते.

परग्रहवासी शेजारी अमेरिकन टीव्हीला नवे नव्हते. १९६३ साली 'माय फेव्हरिट मार्शन' आली, १९७८ मध्ये 'मॉर्क अँड मिंडी'. यातला रॉबिन विल्यम्सचा मॉर्क मी पाहिला तो फार उशिरा, २०१४ मध्ये विल्यम्स गेल्यानंतर. मॉर्क अंड्याच्या आकाराच्या यानातून येतो आणि कोलोरॅडोतल्या बोल्डरमध्ये राहतो. खुर्चीत डोकं खाली टेकवून बसतो, बोटानं पितो. विल्यम्स अफाट नट, वादच नाही. पण मॉर्कला पुरुष व्हायला कुणी शिकवत नाही. त्यानं माणूस कळून घ्यायचा, भागाच्या शेवटी वरिष्ठ ऑर्सनला अहवाल द्यायचा, की काम झालं. चुकला तर मिंडी सांभाळून घेते आणि आपण त्याला निरागस म्हणतो. तीच चूक सॅलीनं केली की ती आडदांड ठरते.

जॉन्स्टनच्या स्वतःच्या वाट्याला काय आलं, हे तिनं २०१२ मध्ये 'गट्स' या आत्मकथनात लिहिलं. दारू आणि गोळ्यांचं व्यसन, त्यातून जिवावर बेतलेलं दुखणं, सगळं सरळ लिहिलंय, विनोद न सोडता. ते वाचल्यापासून जुने भाग बघताना माझं हसू कधीकधी अर्ध्यावर थांबतं.

माझी मुलगी आता सोळा वर्षांची आहे, माझ्याहून उंच. टाचांचे बूट घालते. मध्यंतरी तिला पहिला भाग दाखवला. तिला डिक फार आवडला, सॅली नाही. "ही एवढी चिडते कशाला? सरळ नाही म्हणायचं ना!"

मी म्हटलं, "तिला ऑर्डर आहे."

"कुणाची?"

मी त्यांच्या वरिष्ठाबद्दल, म्हणजे बिग जायंट हेडबद्दल, सांगायला लागले, तोवर तिनं मोबाइल हातात घेतला होता.

मालिकेत खोट नाही असं नाही. १९९८ मध्ये सुपर बोलच्या सामन्यानंतर दाखवलेल्या खास भागात सुपरमॉडेलना शुक्रावरून आलेल्या सुंदऱ्या केलंय. इतके दिवस ज्याची टर उडवली तेच तिथे सजवून मांडलं. तो भाग मला कधीच आवडला नाही. पुढे पुढे डिकचा आरडाओरडाही फार होतो, डिक झालेल्या जॉन लिथगोला त्याबद्दल तीन एमी मिळाले तरी. जॉन्स्टनला दोन मिळाले. तिलाही तीन द्यायला हवे होते.

२००१ मध्ये मालिका संपली तोवर १३९ भाग झाले होते. सगळे बघायची गरज नाही. पहिले दोन सीझन बघा, आणि डिक बोलत असताना मागे उभ्या असलेल्या सॅलीकडे लक्ष ठेवा. तिला संवाद नसतो तेव्हा ती जास्त चांगलं काम करते.