कॅसेटमधली माणसं



तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या माळ्यावर लग्नाच्या, बारशाच्या, यात्रेच्या व्हीएचएस कॅसेट पडून असतील. आमच्याकडे अकरा निघाल्या. धाकट्या नणंदबाईंचं १९८९ सालचं लग्न सगळ्यात जुनं. त्या सगळ्या पेनड्राइव्हवर घेतल्या. त्यातून जे कळलं ते तुमच्याही उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

हे काम लांबवू नका. कॅसेटची फीत म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर चिकटवलेली चुंबकीय पूड. ओल लागली की ती सुटू लागते, बुरशी धरते. आणि फीत चांगली राहिली तरी ती चालवायला व्हीसीआर हवा. ते बनवणारी शेवटची जपानी कंपनीही २०१६ च्या जुलैमध्ये थांबली. आता आहेत ती जुनी, दुरुस्त केलेली यंत्रं.

खिडकीसारख्या काचेतून फितीवर पांढरे ठिपके दिसले, तर ती कॅसेट यंत्रात घालू नका. बुरशी यंत्राला लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटला. आपल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. बुरशीत अनंत जीव मानून पापड-सांडगे आपण जपतोच. ती उगवूच न देणं हीच खरी यतना. अशी कॅसेट वेगळ्या पिशवीत घालून जाणकाराकडे द्यावी.

कॅसेटच्या कडेला प्लॅस्टिकचा छोटा तुकडा असतो, तो आधी मोडून टाका. म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात, त्यामुळे घाई करणाऱ्या दुकानात देऊ नका. आपल्याकडच्या कॅसेट पाल पद्धतीच्या, अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या एनटीएससी. तसं असेल तर आधी सांगा. एमपीफोर फाइल मागा. तासाला साधारण दोन जीबी जागा धरा.

आमच्या दुकानदाराने विचारलं, "काकू, मधला रिकामा भाग काढून टाकू का? नुसती गर्दी आहे." मी नको म्हटलं. १९९३ च्या डिसेंबरात आम्ही महामस्तकाभिषेकाला श्रवणबेळगोळला गेलो होतो. विंध्यगिरीच्या पायऱ्यांवर सगळे दम खायला बसलेले, आणि भाऊजींनी कॅमेरा तसाच चालू ठेवलेला. दिसतात ते नुसते पाय आणि पिशव्या. पण त्यात सासूबाईंचा आवाज आहे, "सावकाश चढा गं, देव कुठं पळून जातोय व्हय?" १९९६ साली त्या गेल्या. त्यांचा आवाज आमच्याकडे एवढाच. माझ्या सुनेने तो पहिल्यांदा ऐकला.

थोरल्या जाऊबाईंना आम्ही अक्का म्हणतो. वय चौऱ्याऐंशी. त्यांना शेजारी बसवून आम्ही एकेक कॅसेट लावायचो. एका ठिकाणी पांढऱ्या लुगड्यातल्या एक बाई माझ्या मुलाचं बोट धरून चालल्या होत्या. मला नाव आठवेना, यांनाही आठवेना. अक्का म्हणाल्या, "अरे, या तर सोनामावशी. आत्याबाईंची चुलत बहीण. तुझी इंजिनिअरिंगची फी भरायला हिनंच पाटल्या मोडल्या होत्या. तुला कुणी सांगितलं नाही?" यांना कुणीच सांगितलं नव्हतं. सत्तरी गाठलेला माणूस बराच वेळ गप्प बसून राहिला.

अशा सात कॅसेट झाल्या. मग अक्कांना पक्षाघाताचा झटका आला. त्यांना समजतं सगळं, पण बोलता येत नाही. उरलेल्या चार कॅसेटमधली चित्रं स्वच्छ उतरली आहेत. त्यातली निम्मी माणसं कोण, हे आता कुणाला सांगता येत नाही. कधी अक्का एखाद्या चेहऱ्यावर बोट ठेवतात आणि डोळ्यांतून पाणी काढतात. आम्ही नावं घेत राहतो, त्या मान हलवून नाही म्हणतात.

कुणी म्हणेल, अपरिग्रह सांगणाऱ्या धर्मात जुन्या चित्रांचा एवढा सोस कशाला? मीही यावर विचार केला. परिग्रह वस्तूत नसतो, तिच्यावरच्या आसक्तीत असतो, हे आपण लहानपणापासून ऐकतो. चकचकीत लग्नं पुन्हा पुन्हा बघत बसणं ही आसक्तीच. पण कुणाच्या पाटल्यांवर आपलं घर उभं राहिलं हे माहीत असणं, याला मी उपकाराची जाण म्हणेन. मी बी.कॉम. झालेली बाई. नाव नसलेलं चित्र मला व्हाउचर नसलेल्या नोंदीसारखं वाटतं: रक्कम दिसते, पण कुणाला द्यायची ते कळत नाही.

म्हणून आता एक वही केली आहे. कॅसेट नंबर, कितवं मिनिट, जागा, कोण दिसतंय, नातं काय, असे रकाने. वहीचे फोटो काढून व्हिडिओंसोबतच ठेवलेत. प्रती तीन: एक हार्डडिस्कवर, एक पेनड्राइव्हवर, एक पुण्याला मुलीकडे. पूर्ण पाहून झाल्याशिवाय मूळ कॅसेट टाकू नका, आणि टाकल्या तरी जाळू नका; ई-कचऱ्यात द्या.

घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल, तर पैसे जमेपर्यंत थांबू नका. एकच कॅसेट उतरवा, त्यांच्या शेजारी बसा आणि विचारा, "ही कोण?"