महाड आणि महड

आमच्या रायगड जिल्ह्यात दोन महाड आहेत. म्हणजे मराठीत लिहिलं तर नाहीत. चवदार तळ्याचं, सावित्रीकाठचं, तालुक्याचं ते महाड. आणि खोपोलीजवळचं, खालापूर तालुक्यातलं, अष्टविनायकातल्या वरदविनायकाचं ते महड. एका कान्याचा फरक. पण इंग्रजीत लिहायला बसलं की हा काना गळून पडतो. दोन्हीकडे एम-ए-एच-ए-डी. मध्ये अंतर शंभरेक किलोमीटर. आणि इंटरनेटवरच्या बहुतेक डिरेक्टऱ्या चालतात इंग्रजी स्पेलिंगवर. या एका कान्यापायी माझ्या मामाचा धंदा कसा अडकला होता, आणि गेले चार वीकेंड पुण्याहून ताम्हिणी उतरून मी महाडला काय करत होतो, ते आज लिहितोय.

मामाचं लॉजिंग-बोर्डिंग आहे. फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. खाली खानावळ, वर सहा खोल्या, मालक-मॅनेजर-वेटर सगळं मामाच. आजोबांनी ते बाजारपेठेत सुरू केलं होतं. २२ जुलै २०२१ ला महाडात पूर आला तेव्हा खालचा मजला पूर्ण पाण्यात होता. भांडी, फ्रीज, गाद्या, हिशेबाच्या वह्या, सगळं गाळात. त्याच दिवशी तळियेत दरड कोसळून ऐंशीहून जास्त माणसं गेली, त्यामुळे भांड्यांबद्दल तक्रार करायला कुणाची जीभ रेटत नव्हती. पुढच्या वर्षी मामाने बाजारातली जागा सोडली आणि नातेखिंडीकडे, रायगडाच्या रस्त्याला, नवीन जागा घेतली. लँडलाइन परत जोडलीच नाही. सगळ्यांकडे मोबाइल आहेत, हवाय कशाला?

मामा हलला. पण इंटरनेटवरचा मामा हलला नाही.

हे कळलं ते असं. मामा म्हणाला, "अरे, हल्ली फोन येतात ते सगळे विचारतात, देवळापासून किती लांब. मी विचारतो कुठलं देऊळ, तर म्हणतात गणपतीचं!" सुरुवातीला तो गंमत म्हणून "शंभर किलोमीटर, या, पिठलं टाकून ठेवतो" असं सांगायचा. मग एकदा एका कुटुंबाने ऑनलाइन अॅडव्हान्स पाठवला आणि संकष्टीला रात्री नऊ वाजता खोपोलीत उभं राहून फोन केला. बरोबर म्हातारी आई. मामाने पैसे तर परत केलेच, वर खोपोलीतल्या ओळखीच्याला सांगून त्यांची सोय लावली. तरी त्यांनी एक स्टार दिला. रिव्ह्यूत लिहिलं, पत्ता चुकीचा. त्यांचं काय चुकलं म्हणा. पत्ता चुकीचाच होता, फक्त तो मामाने दिलेला नव्हता.

मी त्या शनिवारी लॅपटॉप उघडून शोधायला बसलो. मामाच्या लॉजच्या एकूण सात नोंदी सापडल्या. चार ठिकाणी बाजारपेठेतला जुना पत्ता आणि ०२१४५ चा मेलेला नंबर. एका ठिकाणी आजोबांचं नाव, तेही चुकीच्या स्पेलिंगने. एका डिरेक्टरीत नंबर मामाचा नवा मोबाइल, पण गाव खालापूर तालुक्यात. आणि सातव्या ठिकाणी, पुरानंतर कुणीतरी कळवलं असावं, लिहिलं होतं: कायमचे बंद.

हे वाचून दाखवल्यावर मामा काही बोलला नाही. उठून आत गेला, गॅसवरची डाळ हलवून आला. मग म्हणाला, "चार वर्षं हे लिहिलेलं आहे तिथं?"

आता या सातपैकी एकही नोंद मामाने केलेली नव्हती. मग केली कुणी? पूर्वी टेलिफोन खात्याची जाडजूड डिरेक्टरी असायची. त्यात फोन असलेला प्रत्येक जण, आडनावाप्रमाणे, एका ओळीत. तिथे कुणी पहिला नाही, कुणी शेवटचा नाही. मग यलो पेजेस आली, १९९६ साली जस्टडायल आणि इंडियामार्ट सुरू झाले, आणि धंद्यांच्या याद्या गोळा करणं हाच एक धंदा झाला. कुणी दुकानोदुकानी माणूस पाठवला, कुणी फोन केले, आणि नंतरच्या अनेकांनी सरळ आधीच्यांची यादी उचलली. त्यामुळे एकाची चूक पाचांकडे जाते. एकाने दुरुस्त केली तरी चौघांकडे राहते, आणि कधीकधी त्या चौघांकडून पहिल्याकडे परतही येते.

माझं ऑफिसातलं काम साधारण हेच आहे, फक्त बँकेच्या ग्राहकांसाठी. एकच माणूस तीन नावांनी दिसतो, तो एकच आहे हे मशीनला पटवायचं. मशीन काय बघतं? नाव, पत्ता, फोन. तिन्ही सगळीकडे अक्षर न् अक्षर सारखं असेल तर त्याला भरवसा वाटतो की असं दुकान खरोखर आहे. पाटीवर 'विश्रामगृह', बिलबुकावर 'लॉजिंग अँड बोर्डिंग' आणि लाइटबिलावर आजोबांचं नाव असेल, तर त्याच्या दृष्टीने ही तीन दुकानं, आणि तिन्ही संशयास्पद. जवळपासचं काही शोधलं की कोण वर दिसणार याबद्दल गूगल स्वतः तीन गोष्टी सांगतं: शोधलेल्या शब्दांशी जुळणी, अंतर, आणि प्रसिद्धी. पैसे देऊन हा नंबर वर नेता येत नाही, हेही तिथेच लिहिलंय. (जाहिरात वेगळी. ती जाहिरात म्हणूनच दिसते.)

हे शेवटचं वाक्य मी मामाला दोनदा वाचून दाखवलं, कारण त्याला एका पोराचा सारखा फोन येत होता. वर्षाला अठरा हजारांत पहिला नंबर, गॅरंटी! मामाने हिशेब केला होता. खोलीचे तो सातशे घेतो. "म्हणजे पंचवीस-सव्वीस रात्री मी त्याच्यासाठी खोल्या झाडायच्या." त्या पोराने एक फुकट सल्लाही दिला होता: नावातच 'रायगडाजवळचं बेस्ट स्वस्त लॉज' असं घुसडा. तसं केलं तर नियमाविरुद्ध म्हणून नोंद बंद पडू शकते. परत 'कायमचे बंद', आणि या वेळी स्वतःच्या हाताने.

दुसरी गोम 'रायगड' या नावातच आहे. १ जानेवारी १९८१ ला अंतुल्यांच्या सरकारने कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड केलं. नाव छानच झालं, पण जिल्ह्याचं मुख्य ठिकाण अलिबाग. त्यामुळे दिल्लीच्या माणसाने 'रायगडमध्ये हॉटेल' असं शोधलं की समोर येतात अलिबागचे, कर्जतचे रिसॉर्ट, स्विमिंग पूलवाले. त्याला जायचंय किल्ल्यावर, पाचाडला, आणि हा त्याला समुद्र दाखवतो. पोलादपूरचं बरं आहे. पोलादपूर एकच, महाबळेश्वरचा घाट जिथून चढतो ते. तिथल्या मामाच्या मित्राच्या गॅरेजची नोंद मी अर्ध्या तासात उरकली.

महाडला चार वीकेंड लागले. आधी नाव एक ठरवलं (यावर मामा-मामीचं भांडण झालं, ते सोडून देतो). मग पत्ता एकदा लिहून काढला आणि सगळीकडे तोच चिकटवला: गाव, तालुका महाड, पिन ४०२३०१. तालुका आणि पिन हीच काय ती आपली माणसं, बाकी 'पेट्रोल पंपाच्या पुढे' वगैरे मशीनला कळत नाही. वर्णनात पहिल्याच वाक्यात लिहिलं की हे रायगड किल्ल्याच्या रस्त्यावर आहे, अष्टविनायकाचं महड नाही. नाव मराठीतही टाकलं, कान्यासकट. नकाशावर पिन नेमकी दारात आणून ठेवली. 'कायमचे बंद' काढायला व्हिडिओ मागितला: रस्ता, पाटी, आणि कुलूप उघडून आत जाणारा मालक. मामाने त्यासाठी इस्त्रीचा शर्ट घातला. खालापूरवाल्या डिरेक्टरीच्या यादीत 'महाड' एकदाच होतं, आणि कस्टमर केअरची मुलगी हिंदीत विचारत होती, "सर, अष्टविनायकवाला ना?" तिला पिनकोड तीनदा सांगितला. चौथ्या दिवशी बदललं.

मी म्हटलं, ६ जूनच्या आधी झालं हे बरं, राज्याभिषेकाची गर्दी मिळेल. मामा हसला. "६ जूनला आणि २० मार्चला इथं गोठासुद्धा भरतो रे. मला मंगळवार भरायचाय."

एका मंगळवारी दोन खोल्या गेल्या. त्यातलं एक जोडपं नागपूरचं, फोनवर बघून आलेलं. एवढीच बातमी आहे सध्या.

पण आता मामाचं दुसरंच सुरू झालंय. बाजारात असताना यांची पद्धत अशी होती की आपल्या खोल्या भरल्या की गिऱ्हाईक शेजारी पाठवायचं, आणि जेवायला जास्त माणसं आली की मागच्या गल्लीतल्या काकूंकडे. काकू अजून तिथेच आहेत, पूर येऊन गेला तरी हलल्या नाहीत. मामा म्हणतो, माझ्या नोंदीत त्यांचाही नंबर टाक. मी सांगितलं की तसं करता येत नाही, एका नोंदीत दोन धंदे दिसले की परत घोळ. "मग त्यांची वेगळी कर. मी वर आलो आणि काकू दिसल्याच नाहीत, तर काय उपयोग?"

काकूंकडे पाटीच नाही. इतकी वर्षं लागलीच नव्हती. व्हिडिओत पाटी दाखवावी लागेल, म्हणून काल पेंटरला बोलावून दारावर 'घरगुती जेवण' लिहून घेतलं. पुढच्या शनिवारी शूट करायचंय. तोवर रंग वाळायला हवा, आणि महाडच्या जूनमध्ये त्याची खात्री कुणी देत नाही.